‘वाचा’चा परवाना

प्रितेशने केबिनमध्ये बोलावलं तेव्हा त्याच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा उघडा होता. माणूस पेढे देऊन कामावरून काढत नाही, हा धम्मदिनाच्या मनात आलेला पहिला विचार. ती अशीच होती. फोन वाजला तरी आधी पोटात गोळा यायचा, मग नाव बघायची.

“घे. दोन घे,” प्रितेश म्हणाला. “त्यांना आपला हेडफोन आवडला. शुक्रवारी सह्या.”

‘त्यांना’ म्हणजे कुणाला, हे कशेळीच्या त्या ऑफिसात कुणाला सांगायला लागत नव्हतं. देशभर गोदामं असलेली एक मोठी कंपनी होती, आणि गेले कित्येक महिने सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव होतं. प्रितेशचे वडील केसरीनाथ यांची खाडीकाठची भातशेती होती. तिच्यावर आता पत्र्याची गोदामं उभी होती. बाकीच्या जमीनवाल्यांच्या पोरांनी भाड्याच्या पैशातून गाड्या घेतल्या, बॅनर लावले. प्रितेश इंजिनिअर झाला आणि गोदामात चालेल असं काहीतरी आपणच बनवायचं, हे डोक्यात घेऊन बसला. त्यातून हा हेडफोन झाला. कामगाराने तो कानाला लावायचा. आत आवाज येतो, ‘रॅक बारा, खालचा खण, चार पेट्या.’ कामगाराने माल काढायचा, ‘झालं’ म्हणायचं, की पुढचा हुकूम. हात मोकळे, डोळे मोकळे. आतापर्यंत हे सगळं प्रितेशच्या स्वतःच्या गोदामातच चालत होतं.

यंत्र प्रितेशचं. त्यातला बोलणारा भाग धम्मदिनाचा. निदान ऑफिसात सगळे तसं म्हणायचे.

“त्यांच्या वकीलबाईंचा मेल आलाय, तेवढा बघून घे,” प्रितेशने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “कॉपीलेफ्ट का काय ते मालात नसावं म्हणतात. आपल्यात न्हाय ना तसलं काही?”

पेढा तिच्या तोंडातच राहिला.

“आहे, सर.”

“काय आहे?”

“‘वाचा’.”

‘वाचा’ हे त्या बोलणाऱ्या प्रोग्रामचं नाव. प्रितेशने पेढ्यांचा पुडा बाजूला सारला.

“तू तर म्हणालेलीस, ते ओपन सोर्स हाय. मी विचारलेलं तुला.”

“आहेच ओपन सोर्स, आतला कोड सगळ्यांना उघडा आहे. पण ओपन सोर्स सगळं एकाच अटीवर मिळत नाही, सर.” तिने पेढा कसाबसा गिळला. “काही लोक म्हणतात, घ्या, काय वाटेल ते करा, फक्त आमचं नाव राहू द्या. त्यांचं काम तुम्ही कुलपात घालून विकलंत तरी त्यांची तक्रार नसते. ‘वाचा’ तसं नाही. ते जीपीएल नावाच्या परवान्यावर आहे, तीच ही कॉपीलेफ्टची अट. वापरा, बदला, विकासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला आतला कोडही द्यायचा, आपण केलेल्या सुधारणांसकट. आणि तोही तो बदलू शकतो, पुढे देऊ शकतो. आपण आपल्याच गोदामात वापरत होतो, कुणाला देत नव्हतो, म्हणून आजवर प्रश्न आला नाही. बाहेर गेलं की अट लागू.”

“म्हणजे आपण तीन वर्षं केलेलं सगळं उघडं करायचं?”

“सगळं नाही. बोलणाऱ्या भागातलं.”

“तोच तर त्यांना पायजे!” प्रितेश खुर्चीतून उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. रागावला नव्हता तो; त्याची फार धांदल झाली की तो असा फेऱ्या मारायचा. “बरं, ऐक. लायसन्स म्हणजे काय दगडावरची रेघ न्हाय. बदल ते. तुझंच तर हाय.”

“माझं एकटीचं नाही. मामाचं आहे. आणखी काही जणांचं आहे. सगळ्यांनी हो म्हटलं तरच बदलता येतं.”

“मग विचार की. शुक्रवारपर्यंत हाय वेळ.” आणि ती दाराशी पोचली तेव्हा म्हणाला, “तुझ्या गल्लीतली ती रिया, तिला मी सांगून ठेवलंय. हेडफोन जुळवायला पोरी लागतील. तिची आई काल फोन करून आशीर्वाद देत होती मला.”

धमकी द्यायची म्हणून तो हे बोलला नव्हता, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

*

मिलिंदमामा धामणकर नाक्यावरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा, तेव्हाची गोष्ट. त्याची नजर तरुणपणापासूनच आक्रसत चालली होती. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, मग अक्षरं गेली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्याने तयारी केली होती. पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्याने विकत घेतला, तो कानाने वापरायची सवय केली, आणि डोळे गेल्यावरही शिकवत राहिला. लोकांना नवल वाटायचं.

मग त्याचा कॉम्प्युटर बिघडला. नवा आणला, प्रोग्राम टाकला, तर तो म्हणाला, आधी कंपनीची परवानगी आणा. कंपनी केव्हाच बंद पडली होती. पलीकडे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. पैसे भरलेले, पावती हातात, आणि यंत्र मुकं. मामा क्लासला जायचा बंद झाला. “मी दोनदा आंधळा झालो,” असं तो त्या दिवसांबद्दल म्हणतो. “पहिल्यांदा देहाने केलं. त्याच्यावर काय राग धरायचा? दुसऱ्यांदा मात्र कुलपाने केलं.”

त्यातून त्याने ‘वाचा’ करायला घेतलं. धम्मदिना कॉलेजात होती. मामा बोलायचा, ती टाइप करायची; हळूहळू तो बोलायच्या आधीच टाइप करायला लागली, मग त्याच्याशी वाद घालायला लागली. आवाज हवा होता, तो तिच्या आईने दिला. शैला बालवाडीत शिकवायची, तिचे उच्चार खणखणीत. पण भिवंडीत शांतता कुठून आणायची? भिंतीपलीकडे कापडाचे लूम, समोर लूम, दिवसरात्र खटखट. फक्त वीज गेली की सगळे लूम एकदम थांबायचे. तेवढ्यात लॅपटॉपच्या बॅटरीवर, खिडकीला गोधडी टांगून, शैला वाक्यं वाचायला बसायची. बाकीची गल्ली विजेच्या नावाने बोटं मोडत असायची आणि या घरात आनंद.

तयार झालं तेव्हा मामाने ते जीपीएलखाली इंटरनेटवर ठेवलं. कुठून कुठून लोक आले. वाडा तालुक्यातला कोंडू नावाचा एक मुलगा, तोही न दिसणारा, त्याने आकड्यांचे उच्चार सुधारून पाठवले. साडेसात, पावणेदोन, सव्वाशे हे ‘वाचा’ला नीट यायला लागलं ते त्याच्यामुळे. आणखी तिघांनी इथलं तिथलं नीट केलं. पुढे धम्मदिना प्रितेशकडे लागली आणि गोदामातल्या गोंगाटात, फोर्कलिफ्टच्या भोंग्यात ऐकू येईल इतकं ते तिने धारदार केलं. स्वस्तातल्या चिपवर चालेल असं केलं. ती नवी आवृत्ती मात्र ऑफिसातच राहिली. घरोघर चालू होती ती जुनीच, अडखळणारी.

*

त्याच संध्याकाळी ती ऑफिसातून लवकर निघाली आणि स्कूटी अंजूरफाट्यावरून खारबावच्या रस्त्याला घातली. कंटेनरांच्या रांगेत अडकली असताना काय बोलायचं ते ती मनात मांडत होती. आधी रियाचं सांगायचं की आधी अट? तिसऱ्यांदा मांडताना तिच्या लक्षात आलं, आपण मामाला हरवायची तयारी करतोय.

मामा गेली काही वर्षं खारबावला राहायचा, इथे जरा शांत म्हणून. दारात चंद्रामामी तांदूळ निवडत बसली होती. “आज वाट कशी चुकलीस गो?” म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून पुढचं न विचारता चहा ठेवायला उठली. आतून ‘वाचा’तला शैलाचा आवाज येत होता, पण इतका भरधाव की दुसऱ्या कुणाला एक शब्द कळला नसता. मामाला कळायचा.

“दिना,” तो आवाज बंद करत म्हणाला. “स्कूटी आज जोरात थांबवलीस.”

तिने सगळं सांगितलं. मांडलेला क्रम काही राहिला नाही. मामा ऐकत होता. ती थांबली तेव्हा म्हणाला, “त्यांना ‘वाचा’ वापरायचंय, तर वापरू दे की. कुणी अडवलंय? विकू दे. मी कधी फुकट द्या म्हटलं नाही.”

“त्यांना कोड द्यायचा नाहीये, मामा. बंद हवंय.”

“मग वापरू नये.”

“असं कसं म्हणतोस? तू एमआयटी परवान्यासारख्या, फक्त नाव राहू द्या एवढ्या साध्या अटीवर ठेवलं असतंस तर आतापर्यंत दहा कंपन्यांनी घेतलं असतं. दहा ठिकाणी सुधारलं असतं. ओपन सोर्सचा फायदाच तो आहे.”

“आणि त्या दहा ठिकाणच्या सुधारणांपैकी माझ्यापर्यंत काय आलं असतं?”

“काहीतरी आलंच असतं.”

“त्यांची मर्जी असती तर.” मामाने मान तिच्याकडे वळवली. “म्हणून मी ‘वाचा’ला ओपन सोर्स म्हणत नाही, मुक्त म्हणतो. तुला वाटतं शब्दांचा खेळ आहे. उघडं ठेवलं की काम चांगलं होतं, चुका लवकर सापडतात, असं तुझे ओपन सोर्सवाले सांगतात. खोटं नाही ते. पण उद्या कुलपातलं जास्त चांगलं चालतंय असं दिसलं, की त्यांच्याकडे बोलायला काय उरतं? मी म्हणतो, बरं चालो की वाईट, ज्याच्यावर माझं जगणं चालतं त्याच्या आत बघायचा, ते बदलायचा हक्क माझा पाहिजे. चवदार तळ्याचं पाणी गोड होतं म्हणून नव्हती गेली आपली माणसं तिथे.”

“मामा, प्रत्येक गोष्टीत तळं आणू नकोस!” तिचा आवाज चढला. “हा हेडफोन आहे, हेडफोन! आणि गेली तीन वर्षं ‘वाचा’ सुधारलं ते कुठे? प्रितेशसरांच्या ऑफिसात. त्यांनी वेळ दिला, यंत्रं दिली. तुझ्या तत्त्वाने ते इथे खारबावला बसून सुधारलं नाही.”

आत कपबशी वाजायची थांबली. तिला वाटलं, शब्द परत घेता आले असते तर बरं झालं असतं.

“आहे का तुझ्याजवळ?” थोड्या वेळाने त्याने विचारलं. “तो नवा आवाज.”

तिने बॅगेतून हेडफोन काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो बोटांनी चाचपला, कानाला लावला. तिने फोनवरून एक पान पाठवलं. मामा ऐकू लागला. कपाळावरची आठी, जी वाचताना कायम असायची, हळूहळू सुटत गेली. तिने वेग वाढवला, आणखी वाढवला. बाहेरून मालगाडी गेली, तरी त्याने हाताने खूण केली, येतंय ऐकू.

“शैलाताई म्हातारी व्हायच्या ऐवजी तरुण झाली की गं,” तो म्हणाला. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “जोडाक्षरं कशी सोडवलीस?”

तिने सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, एखाद्या विद्यार्थ्यासारखा.

“हे आम्हाला कधी मिळणार होतं?”

ती फोनवरचं पान बंद करू लागली.

“बरं,” मामा म्हणाला. “लिही तुझ्या कागदावर. मिलिंदची परवानगी आहे. काय अट घालायची ती घाला.”

“मामा...”

“तुझी नोकरी गेली, त्या पोरीचं काम गेलं, तर मी सांभाळलेलं तत्त्व तुमच्या जिवावरचं होईल. ते मला झेपणार नाही. लिही.”

जे मागायला आली होती ते मिळालं होतं. परतताना मात्र अंजूरफाट्याला ती एका पानटपरीजवळ थांबली, पाण्याची बाटली घेतली आणि न पिताच हातात धरून उभी राहिली. मामाने भांडायला हवं होतं. तो भांडला असता तर तिला काय करायचं ते कळलं असतं.

*

आईने तर प्रश्नच उरू दिला नाही. “माझा आवाज ना? घ्या. सही कुठे करायची ते दाखव,” शैला म्हणाली. “आपल्या घरात ऑफिसात बसून काम करणारी पहिली तू. मिलिंद शहाणा आहे, तो काढेल काहीतरी मार्ग. तू प्रितेशला नाही म्हणू नकोस, बाई.” मग जरा लाजून म्हणाली, “बाजारात एक मुलगी भेटली. गोदामात काम करते. भाजीवाल्याशी मी बोलत होते, तर गर्रकन वळली. म्हणाली, मावशी, दिवसभर तुम्हीच माझ्या कानात बोलता.”

उरलेल्या चौघांना तिने मेल लिहिला. दोघांनी लगेच हो म्हटलं. ते आता मोठ्या नोकऱ्यांत होते, ‘वाचा’ची आठवणही त्यांना पुसट झाली होती. तिसऱ्याने लिहिलं, साध्या अटीच बऱ्या, मी तेव्हाच सांगत होतो. प्रत्येक होकाराला तिचा जीव थोडा खाली यायचा आणि लगेच पुन्हा वर जायचा. उरला कोंडू. त्याने मेलला उत्तर दिलं नाही. गुरुवारी सकाळी फोनच केला.

“ताई! नवीन आवृत्ती येतेय ना?” त्याचा आवाज आनंदाने फुटत होता. “तुमचा मेल वाचून घेतला, पण समजला न्हाय सगळा. मी आता एका सरकारी ऑफिसात टेलिफोनवर हाय. शेजारी झेरॉक्सचं मशीन चालतं ना, तवा ‘वाचा’चं ऐकायलाच येत न्हाय. गोंगाटात चालणारं पायजेच होतं.”

तिला खोटं बोलता आलं असतं. परवानगी द्या एवढंच म्हणायचं होतं. पण तिने सांगितलं. जुनी आवृत्ती आहे तशीच राहील, ती कुणी काढून घेणार नाही. नवी मात्र एका कंपनीच्या यंत्रात जाईल, आणि त्यांनी ठरवलं तरच बाहेर येईल.

झेरॉक्सचं मशीन तिलाही ऐकू आलं.

“म्हंजे मी केलेले आकडे त्यात हायेत, पण ते मला ऐकायला मिळायचे न्हाय?”

“तसंच.”

“मग न्हाय, ताई,” कोंडू अगदी नरमाईने म्हणाला. “राग नका मानू. मी न्हाय देत.”

फोन ठेवल्यावर आधी तिला इतकं हलकं वाटलं की ती चक्क हसली. झालं, संपलं, आता कुणाच्याच हातात काही नाही. मग प्रितेशच्या केबिनचं दार दिसलं आणि हसू मावळलं.

“एक जण न्हाय म्हणतो?” प्रितेशने ऐकून घेतलं. “एकच ना? मग त्याचा भाग काढ. तू लिही परत. आकडेच हायेत ना, तुला काय अवघड?”

हे त्याला सुचणार, हे तिला माहीत असायला हवं होतं. आणि खरं होतं ते. कोंडूचा भाग काढून, त्याच्याकडे न बघता, नव्याने लिहिता आला असता. पंधरा-वीस दिवसांचं काम. प्रितेश म्हणाला, तेवढी मुदत मी त्यांच्याकडून मागून घेतो, सह्या तर उद्याच होऊ देत.

“करशील ना?”

खालून फोर्कलिफ्टचा भोंगा येत होता. रियाची आई डोळ्यांपुढे आली. मग मामाच्या कपाळावरची आठी, सुटत गेलेली.

“सर, आणखी एकीची परवानगी बाकी आहे,” ती म्हणाली. “मी सगळ्यांना विचारलं, मला कुणी विचारलं नाही. ‘वाचा’चा पहिला निम्मा कोड मी कॉलेजात असताना लिहिलाय. तो कंपनीचा नाही, माझा आहे. त्याची परवानगी मी देत नाही.”

प्रितेशला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“तू? तू न्हाय म्हणतेस?”

“हो.”

“माझ्या ऑफिसात बसून?”

“हो, सर.” “हेडफोन द्या त्यांना. बाकी सगळं बंद ठेवा, मालाचा हिशेब, रॅकचा नकाशा, सगळं. बोलणारा भाग वेगळा आहे, तेवढ्याचा कोड सोबत द्या. बेकायदा काही नाही त्यात. विकताही येतं.”

“त्यांना नको हाय ते!” त्याने हाताने दार दाखवलं. “जा. आता जा तू.”

त्या दिवशी तिने टेबलाचे खण आवरले. फार काही नव्हतं. एक पाण्याची बाटली, चार्जर, बुद्धाची लहानशी मूर्ती. मूर्ती तिने पिशवीत घातली, परत काढून ठेवली, पुन्हा घातली.

*

शुक्रवारी प्रितेशने तिला केबिनमध्ये बसायला लावलं. त्या कंपनीच्या वकीलबाई, हेमाली त्यांचं नाव, स्क्रीनवर होत्या. आवाज शांत, घाई नसलेला. एकेक कलम त्या वाचत गेल्या आणि प्रितेश हो, हो म्हणत गेला. धम्मदिना टेबलाच्या कडेला नख घासत होती. प्रितेश काय बोलणार ते तिला माहीत नव्हतं. मालात कॉपीलेफ्ट आहे का, यावर तो सरळ खोटं ‘नाही’ म्हणू शकत होता. म्हटलं असतं तर तिथल्या तिथे तोंड उघडायचं की गप्प राहायचं, हे तिने ठरवलं नव्हतं. ठरवताच आलं नव्हतं.

“कॉपीलेफ्ट अटीखालचा कोड उत्पादनात नाही, असं आपण लेखी देताय,” हेमालीबाई म्हणाल्या. “बरोबर?”

प्रितेशने तिच्याकडे पाहिलं.

“हाय,” तो म्हणाला. “आहे, मॅडम. बोलणारा भाग जीपीएलवर आहे. आमची इंजिनिअर समजावेल तुम्हाला.”

धम्मदिनाने समजावलं. सुरुवातीला अडखळली, मग मार्गावर आली. हेमालीबाईंनी नेमके प्रश्न विचारले, टिपून घेतलं, आणि म्हणाल्या, “मला व्यक्तिशः अडचण दिसत नाही. पण आमचं धोरण आहे. वरती विचारून कळवते.”

कळवायला त्यांनी फार दिवस घेतले. त्या दिवसांत प्रितेश तिच्याशी कामापुरतं बोलायचा. ती ऐरोलीतल्या दोन कंपन्यांमध्ये मुलाखती देऊन आली. घरी आई ताट वाढायची आणि काही विचारायची नाही, ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. फोन आला की पोटात गोळा, हे पूर्वीचंच. आता मेल आला तरी यायचा.

शेवटी उत्तर आलं. नकार होता. भाषा गोड होती, पण नकारच. त्यांनी कोड बंद ठेवणारा दुसरा कुणीतरी आवाजवाला शोधला होता.

रियाच्या आईला प्रितेशनेच फोन करून सांगितलं. कारण सांगितलं नाही, पण गल्लीत ते पोचायचं तसं पोचलं. रिया दुसऱ्या एका गोदामात पॅकिंगला लागली, उभ्याचं काम, लांबची शिफ्ट. जिन्यात धम्मदिना समोर आली की ती फोन काढून बघायला लागायची. एकदा धम्मदिनाने हाक मारली. रिया थांबली, म्हणाली, “दीदी, ड्युटीला उशीर होतोय,” आणि गेली. यावर काय बोलायचं होतं? मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे तिला जिन्यात उभं राहून समजावणार होती का ती?

काढून टाकलं नाही प्रितेशने. का नाही, हे त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. मूर्ती बरेच दिवस पिशवीतच राहिली.

पावसाळा सरल्यावर जवळच्या पूर्णा गावचा एक ट्रान्सपोर्टवाला आला. पंढरी पाटील, केसरीनाथांच्या ओळखीतला. त्याची गोदामं तीनच, पण माल भरपूर. हेडफोन कानाला लावून तो स्वतः रॅकांमधून फिरला, पेट्या काढून बघितल्या. मग म्हणाला, “माझी निम्मी पोरं ओडिशाची हायेत. त्यांला मराठी कलत न्हाय. त्यांच्या भाषेत बोलवता येईल?”

“आम्हाला ओडिया येत न्हाय, काका,” प्रितेश म्हणाला.

“मला येत नाही,” धम्मदिना मध्येच बोलली. “पण याचा कोड तुमच्याबरोबरच येईल. तुमच्याकडचं कुणी करू शकतं. तुम्हाला आमच्यावर अडून राहायला नको.”

पंढरीशेठला कोड म्हणजे काय ते फारसं कळलं नाही. “म्हंजे उद्या तुम्ही दुकान बंद केलात तरी माझं यंत्र बोलायचं थांबनार न्हाय?” त्याने विचारलं.

प्रितेश तिच्याकडे न बघता म्हणाला, “न्हाय थांबणार.”

व्यवहार छोटा होता, पण झाला. हेडफोन बाहेर गेले, त्यामुळे कोडही द्यावा लागला. तो पंढरीशेठला तर दिलाच. पण एकदा द्यायचाच आहे तर इंटरनेटवरही ठेवू या, असं धम्मदिना म्हणाली, तेव्हा प्रितेश “ठेव” म्हणाला. कोंडूचा फोन आला, पण तो बोलला कमी. त्याला झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसून ऐकायचं होतं. मामाने दुसऱ्याच दिवशी चुका काढल्या. जुळणीसाठी दोन मुली लागणार होत्या. धम्मदिनाने रियाच्या घरी जाऊन सांगितलं. रियाची आई म्हणाली, विचारते. उत्तर आलं नाही, आणि मग दुसऱ्या मुली घेतल्या.

परवा प्रितेशने तिला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. कुठल्या तरी नव्या गिऱ्हाइकाचा करार होता, सही व्हायची होती. त्याने तो तिच्यापुढे सरकवला.

“पहिल्यापासून वाच,” तो म्हणाला. “आपलं काय, दुसऱ्याचं काय, कुठल्या अटीवर. काय राहिलं असेल तर आत्ता सांग. नंतर माझ्या पोटात गोळा आणू नको.”

धम्मदिना खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागली.